आमची वाटचाल : मुठेलापासून साबणाच्या वडीपर्यंत

मे महिन्यात कुडाळच्या आसपास अंगणाअंगणात आमसुलं वाळत पडतात आणि बाजूला बियांचे ढीग लागतात. या बिया वाळवून, कुटून पाण्यात उकळल्या की वर तेल तरंगतं. ते निवून घट्ट झालं की त्याचे गोळे वळतात, तेच कोकमाचं मुठेल. टाचांच्या भेगांना ते आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या लावलं जातं. आमच्या साबणाचा पाया हेच मुठेल आहे, आणि आमची बहुतेक शिस्त त्याच्या स्वभावावरून ठरली आहे.

गावातून येणाऱ्या मुठेलात पाणी आणि बियांचा चुरा असतो. ते तसंच वजन केलं तर पाण्यालाच तेल समजून हिशेब होतो. म्हणून आधी मंद आचेवर वितळवून तडतड पूर्ण थांबेपर्यंत तापवायचं, दुहेरी मलमलीतून गाळायचं आणि मगच काट्यावर ठेवायचं.

आमचं मूळ माप एक किलो तेलाचं आहे : भाताच्या कोंड्याचं तेल 400 ग्रॅम, खोबरेल 300, कोकम 200, एरंडेल 100. फेस आणि स्वच्छता खोबरेलाची, पण ते 30 टक्क्यांच्या वर नेलं की अंग कोरडं पडतं. कोकमाने वडी टणक होते, लवकर झिजत नाही. एरंडेल फेस धरून ठेवतं. जास्त घातलं तर वडी चिकट होते. या सगळ्या तेलांचा पूर्ण साबण व्हायला सुमारे 148 ग्रॅम कॉस्टिक सोडा लागतो. आम्ही 140 ग्रॅम घेतो, म्हणजे जवळपास 5 टक्के तेल मोकळं राहतं. चुकायला जागा आहे ती एवढी आठ ग्रॅमची! पाच ग्रॅम इकडेतिकडे दाखवणाऱ्या स्वयंपाकघरातल्या काट्यावर साबण करू नये, असं आम्ही शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगतो. एक ग्रॅमपर्यंत खात्रीने मोजणारा काटा ही पहिली खरेदी. तेल बदललं की सोड्याचं मापही बदलतं. खोबरेलाला एरंडेलापेक्षा कितीतरी जास्त सोडा लागतो.

पाणी 280 ग्रॅम, तेही डिस्टिल्ड. बोअरच्या पाण्यातल्या क्षारांमुळे साबणाचा चोथा होतो. सोडा नेहमी पाण्यात टाकायचा, सोड्यावर पाणी कधीच ओतायचं नाही. ते उसळून अंगावर येतं. द्रावण 80–90 अंशांपर्यंत तापतं, म्हणून भांडं स्टीलचं किंवा जाड पॉलिप्रॉपिलीनचं हवं. अ‍ॅल्युमिनियमचं पातेलं सोडा खातो आणि त्यातून हायड्रोजन निघतो. चष्मा, हातमोजे आणि उघडी खिडकी याला पर्याय नाही. थेंब उडालाच तर व्हिनेगर शोधत बसू नका, वाहत्या पाण्याखाली हात धरा.

आता कोकमाची खोड. मुठेल 40 अंशांच्या आसपास गोठायला लागतं. तेल आणि द्रावण 35 अंशांवर एकत्र केलं तर ब्लेंडर दोनदा फिरवताच मिश्रण खिरीसारखं दाट होतं. ट्रेस आला, म्हणजे तेल आणि द्रावण एकजीव होऊन साबण धरायला लागला, असं वाटतं, पण ते फक्त कोकम थिजलेलं असतं. साबण झालेलाच नसतो. साच्यात ओतल्यावर काही तासांनी वर तेलाचा थर आणि खाली सोड्याचे ओले खिसे दिसतात. दोन्ही 43–45 अंशांवर ठेवावीत. दाटपणा खरा आहे का, हे पाहायला भांडं कोमट पाण्यात धरा : खोटा ट्रेस पातळ होतो, खरा होत नाही.

एका किलोवरून दहा किलोच्या घाणीवर, म्हणजे एका वेळी करायच्या मिश्रणावर, जाताना मापं दहापट करून भागत नाही. मोठ्या साच्यात मधली उष्णता बाहेर पडत नाही, वडीचा मधला भाग गडद होतो, वरचा भाग तडकतो. छोट्या साच्याला टॉवेल गुंडाळावा लागतो. मोठ्याला गुंडाळायचा नाही. आम्ही तीन इंच खोलीचे पसरट साचे त्यासाठीच घेतले. सोड्याचं द्रावणही आदल्या दिवशी करून निववून ठेवतो. वर पांढरी पावडर आली तर घाबरू नये. तो हवेशी संयोग झालेला सोडा असतो, पुसला जातो. नारिंगी ठिपके मात्र वाईट, ते तेल खवट होत असल्याचं लक्षण. जुनं तेल आणि लोखंडी जाळी ही त्याची नेहमीची कारणं, म्हणून वड्या वाळवायला आम्ही प्लॅस्टिकच्या जाळ्याच वापरतो.

सुगंधात वाळा आणि गवती चहा यांची तेलं नीट वागतात. किलोला 25 ग्रॅम पुरतं. लवंगेचं तेल जपून, त्याने मिश्रण भांड्यातच दगड होतं. हळद सोड्यात लालभडक होते, पुढे तपकिरीकडे झुकते आणि उजेडात फिकी पडते. पिवळाधमक हळदीचा साबण दिसला तर त्यात वेगळा रंग आहे असं समजायला हरकत नाही.

कोकणातला पावसाळा हा या धंद्याचा खरा कस. साबण होताना सुटणारं ग्लिसरीन हवेतलं पाणी ओढतं, वड्यांना घाम सुटतो, आणि सोड्याची पिशवी उघडी राहिली तर सोडाही ओला होऊन वजन खोटं दाखवतो. जून ते सप्टेंबर वड्या बंद खोलीत, डीह्युमिडिफायर लावून वाळतात. एरवी चार आठवडे पुरतात, तेव्हा सहा लागतात. मागणी कितीही असो, त्याआधी माल बाहेर जात नाही. ओली वडी न्हाणीघरात आठवड्यात विरघळते.

घरी वापरायला करणं वेगळं आणि विकणं वेगळं. विक्रीसाठी 2020 च्या सौंदर्यप्रसाधन नियमांखाली अन्न व औषध प्रशासनाचा उत्पादन परवाना लागतो. ‘इसब बरं करतो’ असं लिहिलं की वस्तू औषधाच्या नियमांत जाते. ‘केमिकल-फ्री’ आम्ही लिहीत नाही, कारण कॉस्टिकशिवाय साबण होत नाही, जरी तयार वडीत तो उरत नसला तरी. ‘पीएच 5.5’ही लिहीत नाही. खऱ्या साबणाचा पीएच 9 ते 10 असतो. एका किलोच्या घाणीतून 120 ग्रॅमच्या बारा वड्या कापल्या जातात. वाळून त्या 105 च्या आसपास येतात, आणि वेष्टनावर आम्ही 100 छापतो.