वाया कुठे गेलं?

"वाया कुठे गेलं? समुद्रातच जाणार ना, परत पडेल पाऊस होऊन!" टाकी भरून रस्त्यावर वाहत होती आणि शेजारच्या काकू मलाच हे ऐकवून मोकळ्या झाल्या.

शास्त्र चुकीचं नाही. वाफ हवेत सरासरी 9-10 दिवसच टिकते, मग पडतेच. पण हे इंदूरचं पाणी! नर्मदाकाठच्या जलूदहून सुमारे 70 किलोमीटर, पंपांनी माळव्याच्या पठारावर चढवलेलं. नर्मदा जाते अरबी समुद्राला. आपण सांडलेली नर्मदा मात्र कान्ह, क्षिप्रा, चंबळ, यमुना, गंगा करत करत बंगालच्या उपसागराकडे. (मैयाला विचारलंय कोणी?)

सूर्य पाणी फुकट वर चढवतो. पंपाला वीज लागते. हे काकूंना कसं सांगायचं, सांगा बरं?