दाभण, सायलो आणि ‘कुणाची गं तू?’

आमच्या केअर होममधल्या एका आजोबांच्या खिडकीच्या कट्ट्यावर एक दाभण ठेवलेला असतो. वीतभर लांब, टोकाशी किंचित वाकलेला, मधोमध घाम आणि तेल लागून काळा झालेला. शेजारी नातवंडांचे फोटो, औषधांचा डबा, चष्म्याचं घर. साफसफाई करणाऱ्या मुलीनं तो एकदा कपाटात ठेवला तर दिवसभर त्यांचं जेवणात लक्ष नव्हतं.

मी हॉर्शमला नर्सचं काम करते. मेलबर्नपासून वायव्येला साधारण ३०० किलोमीटर, विमेरा नदीच्या काठी वसलेलं हे गाव. चहूबाजूंना गहू, बार्ली, मसूर, हरभरा. सांगलीला फोन केला की आत्या दर वेळी विचारते, “तिथली माणसं बोलतात का गं तुझ्याशी?” तिच्या डोळ्यांसमोर चित्र असतं ते बंद दारांचं आणि मोकळ्या रस्त्यांचं. पहिल्या वर्षी मलाही तसंच वाटायचं. “कशी आहेस?” “वाईट नाही.” झालं संभाषण. हे आजोबा तर त्याहून अबोल. रक्तदाब मोजताना मी काही विचारलं की मान हलवायचे, संपलं.

एके दिवशी मी तो दाभण हातात घेतला आणि म्हणाले, “हा तर आमच्याकडे असतो. हळदीची पोती शिवायला.”

आजोबा उठून बसले. नव्वदी ओलांडलेला माणूस, तीन उशांवर रेललेला, तो हाताचा आधार न घेता उठून बसला. “कुठली पोती?” “तागाची.” “कॅलकटा,” ते म्हणाले. “आमची सगळी पोती कॅलकट्याहून यायची.” मग दोन्ही हात हवेत उचलून त्यांनी मला पोतं शिवून दाखवलं. आधी डाव्या कोपऱ्याचा कान वळायचा, त्याला सुतळीचे दोन वेढे, मग भराभर टाके, शेवटी उजवा कान. हे कान घट्ट असले तरच हमालाला पोतं पकडता येतं. एका पोत्यात तीन बुशेल गहू, म्हणजे आपले ८२ किलोच्या आसपास. वडिलांच्या शेजारी बसून ते हे शिकले तेव्हा नऊ-दहा वर्षांचे असतील. गावात सायलो, म्हणजे धान्य साठवायचे उंच सिमेंटचे मनोरे, उभे राहिल्यावरही कित्येक हंगाम शेतातून गहू पोत्यांतच यायचा आणि तिथे ओतला जायचा, असं ते सांगत होते. त्या दिवशी पुढच्या खोलीत जायला मला वीस मिनिटं उशीर झाला. आमच्या प्रमुख बाईंनी दारातून पाहिलं, काही न बोलता त्या स्वतःच पुढच्या खोलीकडे गेल्या.

इथल्या जुन्या माणसांशी समोरासमोर बसून बोलता येत नाही, हे मला त्या दिवशी कळलं. हातात काहीतरी लागतं. दोघांनी मिळून एका वस्तूकडे पाहायचं, मग शब्द आपोआप येतात. हे फक्त माझं निरीक्षण नाही. ऑस्ट्रेलियात ‘मेन्स शेड’ नावाची एक मोठी चळवळ याच गोष्टीवर उभी आहे. १९९८ साली आमच्या व्हिक्टोरिया राज्यातल्या टाँगाला या छोट्या गावात या नावाची पहिली शेड उघडली, आता देशभरात हजाराच्या वर आहेत. निवृत्त पुरुष तिथे जमतात, लाकूड रंधतात, मोडक्या सायकली दुरुस्त करतात, शाळेसाठी बाक बनवतात. बायको गेल्यावर घरात कोंडून घेतलेला माणूस तिथे रंधा मारता मारता शेजारच्याला सांगतो की रात्री झोप येत नाही. पुरुष समोरासमोर बोलत नाहीत, खांद्याला खांदा लावून बोलतात, असं ती मंडळी म्हणतात. माझ्या वडिलांना आई गेल्यानंतर अशी एखादी जागा मिळायला हवी होती, असं मला फार वाटतं.

बायकांचं जग निराळं. कंट्री विमेन्स असोसिएशन ही ग्रामीण बायकांची संस्था. व्हिक्टोरियात ती १९२८ पासून आहे. तिच्या हॉलमध्ये एका बाईंनी मला स्कोन, म्हणजे ओव्हनमध्ये भाजलेले छोटे मऊ पाव, शिकवले. पीठ मळायचं नाही, नुसतं गोळा करायचं. जितका हात कमी लागेल तितका स्कोन फुलतो. पोळीची कणीक तिंबून तिंबून मऊ करणाऱ्या माझ्या हाताला हे जमायला तीन खेपा लागल्या. तेवढ्या वेळात त्यांनी मला दुष्काळाची सगळी वर्षं सांगितली. १९९७ ते २००९ अशी बारा-तेरा वर्षं इथे पाऊस रुसला होता. बादलीत अंघोळ करून तेच पाणी गुलाबांना घालायचं. नवरा संध्याकाळी बांधावर उभा राहायचा आणि आत यायचाच नाही. आमच्याकडे जत-आटपाडीच्या बाजूला हेच चित्र असतं, असं मी म्हणाले, तेव्हा त्यांनी पिठाचा हात माझ्या मनगटावर ठेवला.

आजोबांनी सांगितलेले सायलो पाहायला मी मुद्दाम ब्रिम या गावाला गेले. हॉर्शमहून हेंटी हायवेनं उत्तरेला निघायचं, वॉरॅकनबील ओलांडायचं, मग सपाट रानात दुरूनच ते उभे दिसतात. १९३९ साली बांधलेले, सुमारे ३० मीटर उंच. त्यांचा वापर थांबल्यावर ते नुसते ऊन खात उभे होते. गावातल्या एका छोट्या गटानं ठरवलं की यावर चित्र काढायचं. गीडो व्हॅन हेल्टन हा चित्रकार आला, गावकऱ्यांना भेटला, त्यांचे चेहरे पाहिले, आणि जानेवारी २०१६ मध्ये चार शेतकरी त्या सिमेंटवर उभे राहिले. तीन पुरुष, एक बाई. रंग अगदी फिकट, मातीचेच. चेहरे कुणाचे आहेत ते जाहीर केलेलं नाही. मी तिथे गाडीला टेकून उभ्या असलेल्या एका गावकऱ्याला विचारलं, तर तो म्हणाला, “तो डावीकडचा माझ्या काकासारखा दिसतो. पण शेजारची म्हणते, तिच्या काकासारखा.”

यंत्रं मोठी झाली, शेतं मोठी झाली आणि माणसं कमी झाली, ही इथल्या प्रत्येक गावाची कथा आहे. फुटीच्या, म्हणजे इथल्या ऑस्ट्रेलियन फुटबॉलच्या, एका संघाला अठरा खेळाडू लागतात. तेवढे एका गावात मिळेनात म्हणून शेजारशेजारच्या गावांचे क्लब एकत्र झाले. पिढ्यानपिढ्या ज्यांच्याविरुद्ध खेळलो त्यांचाच शर्ट घालायचा. हे सांगताना माणसांचा आवाज खरोखर बदलतो. अशा वेळी ब्रिमच्या त्या चित्रानं दूरदूरची माणसं गाडी वळवून यायला लागली. पाठोपाठ आजूबाजूच्या गावांनी आपापले सायलो रंगवून घेतले आणि रुपनिअपपासून पॅचवॉलकपर्यंत सुमारे २०० किलोमीटरचा चित्रमार्ग तयार झाला. रुपनिअपला युलिया वोल्चकोवा या रशियन चित्रकर्तीनं गावातलीच दोन तरुण मुलं रंगवली आहेत, एक नेटबॉलच्या आणि एक फुटीच्या पोशाखात. राजा नाही, सेनापती नाही. शनिवारी मैदानावर पळणारी पोरं. आपल्या गावाच्या वेशीवर कबड्डीच्या संघातल्या मुलीचं शंभर फुटी चित्र असावं असं माझ्या मनात आलं आणि ते अजून गेलेलं नाही.

जवळच नॅटिमक नावाचं शे-पाचशे वस्तीचं गाव आहे. तिथे दर दोन वर्षांनी कलामहोत्सव भरतो, नॅटी फ्रिंज. शेजारच्या डोंगरावर चढाईसाठी जगभरातून लोक येतात, काही तिथेच स्थायिक झालेत. दोरांवर लटकायचं कसब त्यांचं, गोष्टी शेतकऱ्यांच्या, आणि पडदा म्हणजे गव्हाचे सायलो. त्या सायलोंवर दोराला लोंबकळत नाच झालेले आहेत.

पण या सगळ्यात एक मोठी गोष्ट मला फार उशिरा दिसली. त्याच चित्रमार्गावरच्या शीप हिल्स गावातल्या सायलोंसमोर उभी राहिले तेव्हा.

तिथे ॲडनेट या चित्रकारानं २०१६ मध्ये चार चेहरे काढले आहेत. दोन वडीलधारी माणसं, दोन मुलं, मागे ताऱ्यांनी भरलेलं आकाश. ती या मातीतली मूळ माणसं, वेर्गाया आणि वोट्जोबालुक समाजातली. ब्रिमच्या चार शेतकऱ्यांच्या आधी ही जमीन कुणाची होती, हे त्या चेहऱ्यांकडे पाहिल्यावर कुणी वेगळं सांगावं लागत नाही. इथे प्रत्येक सभेच्या सुरुवातीला जमिनीच्या मूळ रक्षकांचं स्मरण करतात. आमच्या ट्रेनिंगमध्येही करतात. मी ते वाक्य कित्येकदा ऐकलं होतं, पण त्या समाजातल्या कुणाशी बसून बोलले नव्हते.

आमच्याकडे त्या समाजातल्या एक ताई काम करतात. मी उत्साहानं त्यांना प्रश्नांवर प्रश्न विचारायला लागले. भाषा कुठली, चित्रातल्या आकाशाचा अर्थ काय. त्यांनी मला शांतपणे थांबवलं. “आधी तू सांग. तुझी माणसं कोण? तुझी नदी कुठली?”

मला एकदम आजोळ आठवलं. लहानपणी खेड्यात कुणाच्याही अंगणात पाऊल टाकलं की पहिला प्रश्न हाच: “कुणाची गं तू?” मग आईचं नाव, आजोबांचं नाव, वाडा कुठला ते सांगायचं, आणि मगच पाण्याचा तांब्या पुढे यायचा. मी सांगितलं की आमचं हरिपूर सांगलीजवळ, तिथे कृष्णेला वारणा भेटते, संगमावर संगमेश्वराचं देऊळ आहे, आणि माझी आजी रोज पहाटे नदीला नमस्कार करायची. त्या लक्ष देऊन ऐकत होत्या. मग म्हणाल्या की विमेराचं त्यांच्या भाषेतलं नाव बॅरिंगी गाद्यिन. ती समुद्राला मिळत नाही. उत्तरेकडे वाहत जाते आणि रानातल्या सरोवरांतच विसावते. तिच्या जन्माची गोष्ट त्यांनी मला सांगितली, पण ती सांगायचा हक्क त्यांचा आहे, म्हणून इथे लिहीत नाही. २००५ साली न्यायालयानं इथल्या पाच समाजांचा मूळ मालकी हक्क मान्य केला. व्हिक्टोरियातला तो पहिलाच. त्या दिवसाबद्दल बोलताना त्या थोडं थांबल्या, डोळे पुसले, आणि मग दोघी मिळून चादरींच्या घड्या घालत बसलो.

आणि मग क्रिकेट निघालं. हॉर्शमच्या नैर्ऋत्येला हॅरो नावाचं खेडं आहे. तिथला मूळनिवासी क्रिकेटपटू उनारिमिन, ज्याला गोरे लोक जॉनी मुल्लाघ म्हणत. १८६८ साली इंग्लंडच्या दौऱ्यावर जाणारा पहिला ऑस्ट्रेलियन संघ हा या भागातल्या मूळनिवासी खेळाडूंचा होता. मुंबईचे पारशी तिकडे गेले त्याच्या अठरा वर्षं आधी. ४७ सामने खेळले, १४ जिंकले, १४ हरले, बाकीचे अनिर्णित. त्यांच्यातला एक जण लंडनमध्येच वारला. मुल्लाघनं दौऱ्यात १,६९८ धावा काढल्या आणि २४५ बळी घेतले. परत आल्यावर, १८६९ मध्ये, व्हिक्टोरियात कायदा झाला आणि मूळनिवासींनी कुठे राहायचं, कुठे काम करायचं हे सरकार ठरवू लागलं. तो संघ पुन्हा कधी उभा राहिला नाही. मुल्लाघ १८९१ मध्ये गेला, हॅरोलाच त्याची कबर आहे.

“आणि त्याच्या नावाचं पहिलं पदक कुणाला मिळालं, माहीत आहे?” ताईंनी विचारलं.

माहीत होतं. डिसेंबर २०२०. ॲडलेडला आपला डाव ३६ धावांत आटोपला होता, कोहली मायदेशी परतला होता, आणि मेलबर्नच्या बॉक्सिंग डे कसोटीत अजिंक्य रहाणेनं कर्णधार म्हणून ११२ काढल्या. सामना आपण आठ गडी राखून जिंकला. आम्ही मास्क लावून आमच्या बैठकीच्या खोलीत आजी-आजोबांबरोबर तो पाहत होतो. सामनावीराचं मुल्लाघ पदक त्या वर्षीच सुरू झालं. १८६८ च्या संघाच्या पट्ट्यावर जी बकल होती, तिच्यावरून घडवलेलं. ते पहिल्यांदा रहाणेच्या हातात गेलं. त्या दिवशी मी फक्त आपण जिंकलो म्हणून नाचले होते. ते पदक कुणाचं आहे हे मला ठाऊकच नव्हतं. ताई तेव्हा तिथेच होत्या, शेवटच्या रांगेत. त्या रडल्या होत्या. मला वाटलं होतं, ऑस्ट्रेलिया हरली म्हणून.

परवा पुन्हा आजोबांच्या खोलीत गेले होते. या वेळी प्रश्न त्यांचा होता. “तुमच्याकडे सायलो आहेत का?” मी म्हणाले, आमचे सायलो जमिनीच्या खाली असतात. हरिपूरला हळदीची पेवं आहेत. जमिनीत खोल खड्डा, तोंड अरुंद, पोट मोठं. आतून पाला-कडब्याचं अस्तर, वर तोंड बंद करून माती. हळद वर्षानुवर्षं टिकते, कीड लागत नाही. २००५ च्या महापुरात कितीतरी पेवं पाण्यानं गेली. त्यांनी कागद मागितला. मी मडक्यासारखा आकार काढला. त्यांनी पेन्सिल घेऊन त्यात माप टाकायला लावलं. तोंड किती रुंद? माणूस उतरतो कसा? मी सांगितलं की पेव उघडल्यावर लगेच आत उतरत नाहीत, आतली हवा मोकळी होऊ देतात, नाहीतर जीव जातो. आजोबा बराच वेळ कागदाकडे पाहत राहिले. “सायलोतही माणसांचे जीव जातात,” म्हणाले.

दुपारी जेवणाच्या टेबलावर सूप वाढत होते, तर मागून त्यांचा आवाज आला. शेजारच्या दोघांना कागद दाखवून ते सांगत होते, “सांगली. नदीशेजारी. हे सगळं जमिनीखाली. आणि उघडलं की थांबायचं, बरं का. आधी थांबायचं.”