सहा बटणे आणि तीन गडी

मी सोलापुरात एका यंत्रमाग कारखान्यात हिशेबनीस आहे. दिवाळीच्या सुटीत पुण्याहून आलेल्या भाच्याने माझ्या संगणकावर ‘अल्टिमेट मार्व्हल व्हर्सेस कॅपकॉम ३’ हा खेळ टाकून दिला. मूळ खेळ आणि ही सुधारित आवृत्ती, दोन्ही 2011 मधल्या. संगणकावर ती 2017 मध्ये आली. मार्व्हलचे वीर आणि कॅपकॉमच्या खेळांतली पात्रे समोरासमोर येतात, प्रत्येकाने तीन गडी निवडायचे, एक लढतो आणि उरलेले दोघे बोलावताच मदतीला धावतात. मी र्‍यू, हल्क आणि स्पायडरमॅन निवडले, कारण ओळखीचे तेवढेच होते.

पहिल्या संध्याकाळी मी सगळी बटणे एकदम दाबत होतो. हलका, मध्यम, जड आणि विशेष ही हल्ल्याची चारही बटणे एकत्र दाबली की ‘एक्स फॅक्टर’ सुरू होतो, वेग आणि मार वाढतो, आणि हे अस्त्र सामन्यात एकदाच मिळते, हे मला ठाऊक नव्हते. ते मी दर वेळी पहिल्याच झटापटीत उधळून बसायचो. एकच गडी उरलेला असताना ते सर्वांत जास्त वेळ टिकते, हे भाच्याने हसू आवरत सांगितले.

मग त्याने ‘सिंपल मोड’ लावून दिला. त्यात एकच बटण पुन्हा पुन्हा दाबले तरी एकामागोमाग फटक्यांची साखळी जुळते, पण पात्राचे काही डाव मिळत नाहीत. दोन दिवस मी खूश होतो. नंतर लक्षात आले की मारणे सोपे झाले, मार खाणे मात्र तसेच आहे. नवख्याची खरी अडचण बोटांची नसून बचावाची आहे, असे माझे स्पष्ट मत झाले. समोरच्याच्या उलट दिशेला दाबून धरले की बचाव होतो. पण तो उडी मारून माझ्या गड्याच्या मागे गेला की ती दिशाच उलटते, आणि त्याच क्षणी त्याचा मदतनीस दुसर्‍या बाजूने आदळतो.

“मामा, तुम्ही आधी नुसतं अडवायला शिका,” असे म्हणून भाच्याने सिंपल मोड काढून मला नेहमीच्या पद्धतीवर परत आणले. (शेंगाचटणीचे तेल लागलेल्या हातांनी कंट्रोलर धरण्यास त्याने त्याच दिवशी बंदी घातली.) बचावात असताना हल्ल्याची दोन बटणे एकदम दाबली की समोरचा मागे ढकलला जातो. ही एक गोष्ट जमायला मला आठवडा लागला, पण तिच्यामुळेच पडद्यावर काय चालले आहे ते दिसू लागले. हलका, मध्यम, जड आणि मग समोरच्याला हवेत उडवणारे विशेष बटण, ही साखळी मात्र लवकर जुळली. दिवसभर मागांची खटखट ऐकणार्‍या कानाला तिचा ठेका सापडला. स्पायडरमॅन मी सोडून दिला, माझी नजर त्याच्यामागे पोचत नाही.

जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेला ताई आली, तेव्हा तिला मीच सिंपल मोड लावून दिला. तिचा शेवटचा गडी उरला होता, माझे दोन. आणि घाईत माझ्या अंगठ्याने चारही बटणे पुन्हा एकदम दाबली. पुढचे दहा-पंधरा सेकंद मी उगीच धावत राहिलो, ताईने शांतपणे एकच बटण दाबत दोन्ही गडी पाडले.