शून्याचा रकाना

2018 सालच्या सप्टेंबरात मी शिरपूर तालुक्यात, तापीकाठच्या गावांतील कपाशीवर गुलाबी बोंडअळीच्या पतंगांची नोंद घेण्याचे काम करीत होतो. आदल्याच हंगामात या अळीने राज्यभर कपाशीची दाणादाण उडवली होती. बीटी बियाण्यात अळी मरावी म्हणून घातलेल्या दोन्ही जनुकांना ती जुमानत नाही हे तोवर सर्वांना कळून चुकले होते आणि शेतकरी आमच्या सापळ्यांकडे डोळे लावून बसत. आमच्या नोंदीतील एका गावात आप्पांची चार एकर पूर्वहंगामी कपाशी होती. मे महिन्याच्या अखेरीस ठिबकवर लावलेली ही कपाशी जुलैतच कळ्या-फुलांवर आलेली होती. गेल्या वर्षीच्या पऱ्हाटीतून, म्हणजे कपाशीच्या वाळल्या झाडांतून, आणि जिनिंगच्या सरकीतून बाहेर पडणाऱ्या पहिल्या पतंगांना अंडी घालायला जागा मिळाली नाही तर ते तसेच मरून जातात, परंतु अशी लवकरची कपाशी त्यांच्यासाठी जणू पान मांडूनच बसलेली असते. आप्पांना हे मी जूनमध्येच सांगितले होते, तेव्हा ते हसून म्हणाले होते की विहिरीला पाणी असताना जमीन रिकामी ठेवायची कशी.

त्यांच्या शेतात आम्ही चार कामगंध सापळे लावले होते. प्रत्येकात मादीच्या गंधाची रबरी गोळी, खाली पॉलिथिनची पिशवी, आणि सापळा पिकाच्या शेंड्यापेक्षा फूटभर वर. एका सापळ्यात सलग तीन रात्री सरासरी आठ किंवा अधिक नर पतंग सापडले तर फवारणीचा विचार करायचा, हा ठरलेला दंडक होता. महिन्याच्या सुरुवातीला गोळ्या जुन्या झाल्या म्हणून मी त्या बदलल्या, आणि त्यानंतर आठवडाभर माझ्या वहीत गुलाबी बोंडअळीच्या रकान्यात शून्य, शून्य, शून्य असेच पडत गेले. आप्पांनी फवारणीविषयी विचारले तेव्हा ‘सध्या गरज नाही’ असे मी ठामपणे सांगितले. शून्याइतका निर्धास्त करणारा आकडा दुसरा नसतो.

त्यानंतर दोन दिवसांनी सकाळी त्यांचा निरोप आला. मी पोहोचलो तेव्हा बांधावर पाटीभर हिरव्या कैऱ्या, म्हणजे कपाशीची न उमललेली बोंडे, तोडून ठेवलेल्या होत्या. बाहेरून त्या कैऱ्या निर्दोष दिसत होत्या, आणि त्यात नवल काहीच नव्हते, कारण अंड्यातून निघालेली अळी थोड्याच वेळात आत शिरते आणि बोंड वाढताना तिचे छिद्र बुजून जाते. मी चाकूने एकेक कैरी उभी चिरू लागलो. पहिल्या तीन स्वच्छ निघाल्या. चौथीच्या सालीच्या आतल्या बाजूला बारीक उंचवटे आणि वेड्यावाकड्या रेषा होत्या, एका कप्प्यातील ओली सरकी पोखरलेली होती आणि पोखरलेल्या जागी तपकिरी डोक्याची, तांदळाच्या दाण्यापेक्षाही लहान अळी वळवळत होती. आप्पांनी वाकून पाहिले आणि म्हणाले, “भाऊ, हाई ते धवळी शे, गुलाबी कोठे?” पहिल्या अवस्थांत ती पांढरीच असते, गुलाबी रंग पुढे चढतो, हे मी त्यांना सांगितले खरे, पण माझा आवाज मलाच परका वाटत होता. वीस कैऱ्यांपैकी नऊंमध्ये अळी निघाली. वीसात दोन निघाल्या तरी आम्ही धोका मानतो.

मग सापळ्यांत पतंग का नव्हते? मी सापळ्यांपाशी गेलो, पिशव्या उघडल्या आणि मागची पाने चाळली. ‘इतर’ या रकान्यात माझ्याच अक्षरात 1, 0, 2, 1 असे आकडे होते. पिशवीतील ते ‘इतर’ पतंग मी आता तळहातावर घेतले. ते चांगले जाडजूड, पिवळसर तपकिरी आणि गुलाबी बोंडअळीच्या करड्या, चिमुकल्या पतंगाच्या दुप्पट आकाराचे होते. ती हरभऱ्यावरची आपली ओळखीची घाटेअळी, तिचा नर पतंग. गोळी घाटेअळीची लागली होती.

झाले ते इतके साधे होते की सांगायलाही लाज वाटते. दोन्ही जातींच्या गोळ्या एकाच बर्फाच्या पेटीत होत्या, बर्फ वितळून पुड्यांवरची चिठ्ठी सुटली होती आणि संध्याकाळच्या अंधुक प्रकाशात मी अंदाजाने पुडी फोडली होती. दोन्हींचे रबर दिसायला सारखे, मात्र गंध अगदी वेगळे. 1973 मध्ये ओळखला गेलेला गुलाबी बोंडअळीचा गंध म्हणजे दोन घटकांचे जवळपास समसमान मिश्रण असते. घाटेअळीच्या मादीचा गंध निराळ्या रसायनांचा असतो, आणि त्याच्याकडे गुलाबी बोंडअळीचा नर ढुंकूनही पाहत नाही. शेतात शेकडो पतंग उडत असतील, तरी माझे सापळे त्यांच्यासाठी नुसते टांगलेले प्लास्टिक होते.

त्याच संध्याकाळी योग्य गोळ्या लावल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी चार सापळ्यांत 11, 14, 9 आणि 17 पतंग होते. आप्पा शेजारी उभे राहून मोजणी पाहत होते, काही बोलले नाहीत. ते ओरडले असते तर बरे वाटले असते.

बोंडात शिरलेल्या अळीपर्यंत फवारा पोहोचत नाही, त्यामुळे जे नुकसान आत झाले होते ते झालेच. उरलेल्या डोमकळ्या, म्हणजे आत अळी असलेली मिटलेली फुले, वेचून नष्ट केल्या, नव्या पतंगांसाठी व अंड्यांसाठी फवारणी केली. पहिली वेचणी बरी आली, पुढच्या वेचण्यांत मात्र किडका, डागाळलेला कवडी कापूस निघाला आणि व्यापाऱ्याने भाव पाडला. फरदड घेण्याचा, म्हणजे तेच पीक पुढे राखून आणखी कापूस काढण्याचा मोह आप्पांनी टाळला, डिसेंबरातच पऱ्हाटी उपटून तेथे गहू पेरला. तो निर्णय त्यांचाच होता, त्याचे श्रेय मी घेत नाही.

वहीतला ‘इतर’ हा रकाना मी त्याच आठवड्यात काढून टाकला. आता सापळ्यातील प्रत्येक पतंगाचे नाव लिहावे लागते, ओळखता आला नाही तर डबीत घालून आणावा लागतो. पुड्यांना रंगीत दोरा बांधतो, गुलाबीला लाल आणि घाटेअळीला हिरवा. पुढच्या जुलैत सापळे लावायला गेलो तेव्हा आप्पांनी सापळ्याची काठी धरली, आणि मी पुडी फोडण्याआधीच त्यांनी विचारले, “आज कोनती गोळी शे?” मी लाल दोरा त्यांच्यापुढे धरला.