तुळाजी आंग्र्यांचं आरमार पेशव्यांनीच बुडवलं का?

विजयदुर्ग बघायला येणारे पाहुणे बुरुजावर पोचले की हा प्रश्न हमखास येतो. कुणी दबकत विचारतं, कुणी उत्तर ठरवूनच विचारतं. परवा एकाने तर आडनाव विचारून घेतलं आणि मग प्रश्न विचारला, म्हणजे उत्तर कुठल्या बाजूने येणार याचा अंदाज घेत असावा! तुम्हीही विचारलंत, म्हणून एकदा नीट लिहून काढतो.

‘हो’ म्हटलं तर खोटं नाही. मार्च १७५५ मध्ये नानासाहेब पेशव्यांनी मुंबईकर इंग्रजांशी विजयदुर्गाचा आरमारप्रमुख तुळाजी आंग्रे याच्याविरुद्ध करार केला, आणि त्याची बोलणी कोकणचे सुभेदार रामाजी महादेव यांनी केली. एप्रिलच्या सुरुवातीलाच कमोडोर जेम्सने हर्णैचा सुवर्णदुर्ग घेतला. फेब्रुवारी १७५६ मध्ये अॅडमिरल वॉटसन आणि क्लाइव्ह विजयदुर्गापुढे उभे राहिले, तेव्हा जमिनीच्या बाजूला पेशव्यांची फौज होती. एवढं सगळ्यांना पाठ असतं. पण गोष्ट इथून सुरू केली की ती अर्धीच कळते. ती विजयदुर्गात सुरू होत नाही, अलिबागेत होते.

मराठा आरमाराचे प्रमुख कान्होजी आंग्रे जुलै १७२९ मध्ये वारले. मागे वेगवेगळ्या आयांच्या पोटची सहा मुलं. थोरला सेखोजी सरखेल, म्हणजे आरमाराचा सेनापती झाला. जाणता माणूस, भावांना सांभाळून होता. बाजीरावाने १७३३ साली जंजिऱ्यावर मोहीम काढली ती याच्या आरमाराच्या भरवशावर. ऐन मोहिमेत सेखोजी गेला, जंजिरा तसाच राहिला, आणि आंग्र्यांच्या घरात जे जुंपलं ते जुंपलंच. भावांपैकी मानाजीने पोर्तुगीजांची मदत घेऊन अलिबागचा कुलाबा किल्ला बळकावला आणि सख्ख्या-सावत्राचा विचार न करता भाऊ येसाजीचे डोळे काढले. दुसरा भाऊ संभाजी विजयदुर्गावरून दात ओठ खात राहिला. शेवटी १७३५ मध्ये बाजीरावाने वाटणी करून दिली: कुलाबा आणि ‘वजारतमाब’ हा किताब मानाजीला, विजयदुर्ग आणि ‘सरखेल’पद संभाजीला.

माझ्या मते सगळ्यात मोठं नुकसान इथे झालं. एका आरमाराची दोन झाली, आणि दोघांच्या भांडणात निवाडा द्यायचा मान पुण्याला मिळाला. दोन भाऊ बांधावरून भांडायला लागले की शेत तिसऱ्याच्या नावावर चढतं, हे कोकणातल्या माणसाला वेगळं सांगायला नको. १७४० मध्ये संभाजी कुलाब्यावर चालून गेला, तेव्हा मानाजीच्या मदतीला पेशवेही धावले आणि मुंबईचे इंग्रजही. म्हणजे पुढे पंधरा वर्षांनी जे घडलं त्याची रंगीत तालीम आंग्र्यांनी स्वतःच घडवून आणली होती. ही गोष्ट सांगितली की पाहुण्यांपैकी निम्मे नाराज होतात. होऊ देत.

संभाजी १७४२ च्या आरंभी वारला आणि त्याचा भाऊ तुळाजी सरखेल झाला. आमच्याकडे म्हातारी माणसं एका वाक्यात त्याचं वर्णन करायची: ‘तुळाजी कोणाचा आयकणारो नव्हतो.’ ते खरं होतं, आणि त्यात कौतुकही होतं. १७४५ मध्ये त्याने जंजिऱ्याच्या सिद्दीकडून अंजनवेलचा किल्ला घेतला. इंग्रजांनी आंग्र्यांच्या बंदोबस्तासाठी ठेवलेलं ‘रेस्टोरेशन’ नावाचं लढाऊ जहाज त्याने १७४९ मध्ये पकडून आपल्या ताफ्यात घातलं. १७५४ मध्ये डचांची तीन जहाजं गाठली, दोन मोठी जाळली, तिसरं धरून आणलं.

हे कसं जमत असे, ते बुरुजावर उभं राहिलं की चांगलं समजतं. समोर वाघोटणची खाडी आत वळत गेलेली दिसते. मोठं विलायती जहाज खोल पाण्यात राजा, खाडीत मात्र पांगळं. आंग्र्यांच्या गुराबा (मोठी लढाऊ जहाजं) आणि गलबतं (लहान जहाजं) उथळ तळाची. वारा पडला की परक्या जहाजाची शिडं लोंबायची, आणि नेमकी तेव्हाच वल्ह्यांची गलबतं गुराबांना दोर लावून ओढत बाहेर काढायची. गुराबेच्या नाळेवर, म्हणजे अगदी पुढच्या टोकाला, तोफा. त्यांनी शत्रूच्या मागच्या बाजूला जायचं, कारण जहाजाच्या तोफा कुशीला असतात, पाठीला फारशा नसतात. आधी डोलकाठ्या आणि दोर फोडायचे, जहाज लुळं पडलं की गलबतांवरची माणसं हत्यारं घेऊन वर चढायची. खाडीत आत गेलात की गिर्ये गावाजवळ खडकात खोदलेली आंग्र्यांची गोदी अजून दिसते. ओहोटीच्या वेळी जा, नाहीतर नुसती झाडं आणि पाणी बघून परत याल.

मग चाचेगिरी होती की नव्हती? इंग्रजांच्या कागदांत ती आहेच. आंग्र्यांचं म्हणणं साधं होतं: हा किनारा छत्रपतींचा, इथून जायचं तर आमचं दस्तक, म्हणजे परवाना, घ्या. पोर्तुगीज हाच कायदा दोनशे वर्षं चालवत होते, त्यांना कुणी चाचे म्हटलं नाही. मात्र तुळाजीने मराठ्यांच्या मुलखातही धुडगूस घातला, शेजारच्या सरदारांच्या तक्रारी पुण्याला आणि साताऱ्याला जात राहिल्या, हेही विसरू नये. शाहू महाराज होते तोवर त्याला एक धनी होता. १७४९ च्या डिसेंबरात महाराज गेले आणि तुळाजीच्या लेखी धनी उरला नाही. सरखेलपद छत्रपतींनी दिलेलं, पेशवेपदही छत्रपतींनीच दिलेलं. मग एकाने दुसऱ्याला मुजरा का करायचा? प्रश्न बिनतोड होता. फक्त तो विचारायला पाठीशी जी ताकद लागते, ती १७३५ मध्येच अर्धी झाली होती.

इंग्रज आरमार आलं तेव्हा तुळाजी किल्ला नातलगाच्या हवाली करून पेशव्यांच्या छावणीत बोलणी करायला गेला. हे मला कधीच पटलेलं नाही. आयुष्यभर कुणाचं न ऐकलेला माणूस नेमका त्या आठवड्यात तडजोडीला निघाला. इकडे त्याचा ताफा किल्ल्याच्या आडोशाला खाडीच्या तोंडाशी गर्दी करून उभा होता. ज्या जहाजांचं सगळं बळ निसटण्यात आणि अंगावर येण्यात, ती दाटीवाटीने उभी. १२ फेब्रुवारीला दुपारी तोफगोळे सुरू झाले, आणि पहिली आग लागली कुठे, तर त्याच ‘रेस्टोरेशन’वर. तिथून ती शेजारच्या गुराबेवर, मग पुढच्या. रात्रीपर्यंत ताफा संपला. समुद्रावरची लढाई अशी झालीच नाही. दुसऱ्या दिवशी किल्ला पडला.

आता पेशव्यांची बाजू. लूट कशी वाटायची हे इंग्रजांनी मुंबईहून निघतानाच आपापसांत ठरवलं होतं, त्यात मराठ्यांचा वाटा नव्हता. पेशव्यांची माणसं आधी आत शिरू नयेत म्हणून क्लाइव्हने रातोरात सैनिक उतरवले. सुमारे दहा लाख रुपये आणि दोनशेवर तोफा त्यांना मिळाल्या. किल्ला परत मिळवायला पेशव्यांना ऑक्टोबरपर्यंत घासाघीस करावी लागली आणि बदल्यात बाणकोटचा किल्ला कायमचा द्यावा लागला. पुढच्याच वर्षी हेच वॉटसन आणि क्लाइव्ह बंगालमध्ये काय करून बसले ते शाळेत शिकलो आहोत. नानासाहेबांना तुळाजी मोडायचा होता, आरमार मोडायचं नव्हतं, असं मी म्हणेन. पण उसना आणलेला विस्तव शेजारचं कुठलं छप्पर पेटवेल, याचा हिशेब पुण्यात बसून केला गेला. समुद्राची जाण असलेला माणूस असा सौदा करता ना.

तुळाजी पेशव्यांच्या हाती लागला तो कायमचा. एका किल्ल्यावरून दुसऱ्या किल्ल्यावर करत उरलेलं सगळं आयुष्य त्याने घाटावर, समुद्र दिसणार नाही अशा जागी कैदेत काढलं. त्याला एवढी वर्षं जिवंत ठेवलं, सोडलं मात्र नाही, यावरून पुण्याला त्याची किती धास्ती होती ते कळतं.

राहता राहिलं ‘मराठ्यांचं आरमार तिथेच संपलं’ हे वाक्य. ते मात्र माझ्यासमोर म्हणू नका. विजयदुर्ग परत आल्यावर पेशव्यांनी इथेच आपला आरमारी सुभा ठेवला आणि तो आनंदराव धुळपांनी चालवला. १७८३ च्या एप्रिलमध्ये रत्नागिरीच्या दक्षिणेला त्यांनी इंग्रजांचं ‘रेंजर’ जहाज, वर बडे लष्करी अधिकारी असताना, गाठून पकडलं. आंग्र्यांचा दरारा तेवढा परत आला नाही, हे खरं. पण धुळपांचा वाडा गावातच आहे, किल्ल्यावरून उतरताना तोही बघून जा.