एक पाऊल मागे चालणारी बेरीज

दोन दिवस एका पीडीएफ फॉर्मशी झटापट चालली होती. फॉर्म साधाच. पाच ओळी, प्रत्येकीत नग, दर आणि रक्कम, खाली एकूण. रकमेच्या फील्डात, म्हणजे भरायच्या चौकटीत, अ‍ॅक्रोबॅट या पीडीएफ प्रोग्रामची कॅल्क्युलेशन स्क्रिप्ट, म्हणजे गणित करणारा छोटा कोड होता: 'गेटफील्ड'ने नग आणि दर उचलायचे, गुणाकार 'इव्हेंट.व्हॅल्यू'त, म्हणजे त्याच चौकटीच्या किमतीत टाकायचा.

पहिल्या ओळीत नग २, दर ५०. रक्कम आली १००, एकूण कोरंच! दुसऱ्या ओळीत नग ३ लिहून पुढे सरकलो, तर तिची रक्कम येण्याआधीच एकूणमध्ये १०० हजर. म्हणजे बेरीज चुकत नव्हती, उशिरा पोचत होती.

स्क्रिप्ट दहा वेळा वाचली. दोष तिच्यात नव्हताच. गणितं तुम्ही ज्या क्रमाने फील्डांना लावता, त्याच क्रमाने चालतात. फील्ड पानावर कुठे आहे याच्याशी काही देणंघेणं नाही. मी उत्साहात एकूणचं गणित आधी लावलं होतं. त्यामुळे ते आधी जुन्या रकमा मोजायचं, मग रकमा बदलायच्या. फॉर्म एडिट करताना फील्डांचा कॅल्क्युलेशन ऑर्डर लावायची यादी मिळते, तिथे एकूण तळाशी ओढलं.

मग दुसरंच. पहिली ओळ ५००, दुसरी कोरी, तिसरी ४०, आणि एकूण ५००४०. शून्य दिसू नये म्हणून मीच रक्कम कोरी ठेवत होतो. कोरं फील्ड शून्य देत नाही, रिकामी स्ट्रिंग, म्हणजे आकडा नसलेला रिकामा मजकूर देतं, आणि एका बाजूला स्ट्रिंग दिसली की जावास्क्रिप्टचं, म्हणजे या स्क्रिप्टच्या भाषेचं, अधिक चिन्ह बेरीज सोडून चिकटवाचिकटवी करतं. प्रत्येक किंमत मजकुराचा आकडा करणाऱ्या 'नंबर'मधून काढली, सुटलं.

उलटा प्रकार कोडच्या फील्डात झाला. '०२०' हा कोड दुसऱ्या फील्डात घेतला तर २० झाला, कारण फील्डातली किंमत वाचणारी 'व्हॅल्यू' आकड्यासारखं दिसेल त्याचा आकडा करून टाकते. तिथे किंमत मजकूर म्हणूनच देणारं 'व्हॅल्यूअ‍ॅजस्ट्रिंग' लागतं. (नावं किती लांब ठेवावीत याला काही सुमार?)

काल सहावी ओळ वाढवली. बेरीज पुन्हा एक पाऊल मागे. नवी रक्कम त्या यादीत एकूणच्या खाली जाऊन बसली होती.