तुम्ही विचारलंत म्हणून: ऑपरेशन पोटाचं, मग खांदा काहून दुखते?

यवतमाळ जिल्ह्यातल्या माझ्या दवाखान्यात हा प्रश्न नेहमी येतो. "डॉक्टरसाहेब, चिरलं त पोट, मंग खांदा काहून दुखते?"

छाती आणि पोटाच्या मध्ये घुमटासारखा एक पातळ स्नायू असतो, श्वासपटल. त्याची मुख्य नस येते मानेतून, तिसऱ्या ते पाचव्या मणक्यांजवळून. खांद्याच्या कातडीच्या नसाही तिथूनच निघतात. म्हणून पटलाखाली दाह झाला की मेंदू फसतो आणि माणूस खांदा धरून बसतो. दुर्बिणीच्या ऑपरेशननंतर पोटात भरलेल्या गॅसमुळेही खांदा दोन-तीन दिवस दुखतो, मग थांबतो. पण आठ-पंधरा दिवसांनी दुखणं सुरू झालं आणि सोबत ताप असला, तर बाम चोळत बसू नका.

एक सालदार होता. कापूस वेचणीच्या दिवसांत कंबरदुखीच्या गोळ्या उपाशीपोटी खायचा. त्यानं जठराचा अल्सर फुटला. ऑपरेशन झालं, टाके सुकले, गडी घरी आला. तिसऱ्या आठवड्यात रोज संध्याकाळी हुडहुडी भरून ताप, सकाळी उतरलेला. जेवण जाईना, उजवा खांदा ठणके आणि उचकी काही थांबेना. आई म्हणे, "कोणी तरी सय काढत असन."

मी मलेरिया तपासला. नव्हता. मग टायफॉइड धरून अँटिबायोटिक दिलं. ताप दबला आणि चार दिवसांत परत आला. चूक माझीच. साचलेला पू अशा औषधानं जात नाही, नुसता झाकला जातो. शेवटी पाठीला स्टेथोस्कोप लावला, तर उजवीकडे खाली श्वासाचा आवाजच क्षीण. एक्स-रेत पटल वर सरकलेलं, फुफ्फुसाभोवती थोडं पाणी. सोनोग्राफीत यकृत आणि पटलाच्या मधोमध पू दिसला.

एवढ्या वर पू चढतो कसा? माणूस आडवा असला की पोटातली घाण खोलगट जागी वाहत जाते, आणि श्वासागणिक हलणारं पटल तिला वर ओढतं. म्हणून अपेंडिक्स फुटतं खाली, पण पू सापडतो यकृताच्या वर. पित्ताशयाचं किंवा आतड्याचं ऑपरेशन, काढलेली प्लीहा, पोटाला बसलेला मार, यांतूनही हे होतं. डावीकडेही होतं, पण उजवीकडे जास्त. जुने सर्जन म्हणत, पू आहे हे कळतंय, पण कुठेच सापडत नाही, तर पटलाखाली बघा. आता सिटी स्कॅन नेमकी जागा दाखवतो. बहुतेकदा पोट पुन्हा उघडावं लागत नाही, सुईच्या वाटेनं नळी घालून पू काढतात आणि सोबत अँटिबायोटिक चालतं.

सालदाराला नागपूरला पाठवलं. नळी घातली, उचकी गेली.

तेव्हा ऑपरेशननंतर ताप आला, तर डिस्चार्ज कार्ड घेऊन या. "पोटाचं जुनं झालं" म्हणून ते घरी ठेवू नका. आणि उचकी लागते का, हे मी विचारायला विसरलो तर तुम्हीच सांगा.